न्याहारीच्या टेबलावर फुटलेलं बिंग: ‘डाउन्टन ॲबी’तल्या मेरी आणि ईडिथचं प्रकरण

साल १९२५. यॉर्कशायरमधल्या एका अर्लच्या, म्हणजे बड्या सरदाराच्या, घरात सकाळची न्याहारी चालू आहे. टेबलाशी थोरली मुलगी लेडी मेरी, मधली मुलगी लेडी ईडिथ, ईडिथला मागणी घालणारा बर्टी पेल्हम आणि दोघींचा मेहुणा टॉम ब्रॅन्सन आहेत. बर्टी आत्ताआत्तापर्यंत ब्रँकास्टर कॅसलचा कारभारी होता. नात्यातला भाऊ टँजिअरमध्ये अचानक वारला आणि तो मार्क्विस ऑफ हेक्सम झाला. म्हणजे ईडिथ त्याची बायको झाली, की मानाने आपल्या आईवडिलांच्याही वर जाणार. मेरीची सकाळ मात्र वाईट उगवली आहे. आदल्या दिवशी तिच्या प्रेमात असलेल्या हेन्री टॅल्बटशी तिचं बिनसलं आणि तो सकाळीच निघून गेल्याचं तिला आता कळलं आहे.

बर्टी लग्नाची बातमी सांगायच्या बेतात आहे. मेरीच्या तोंडून बरा शब्द निघत नाही. ईडिथला राहवत नाही. माझं हिच्यापेक्षा बरं चाललेलं हिला बघवत नाही, असं ती तिथल्या तिथे बोलून जाते. यावर मेरी आवाज न चढवता, अगदी सभ्य सुरात बर्टीचं कौतुक करते. ईडिथचा भूतकाळ पोटात घालायला मोठं मन लागतं, सगळ्यांना जमत नाही. टॉम तिला अडवू बघतो. बर्टीला काहीच उमगत नाही. मेरी घरात वाढणाऱ्या छोट्या मॅरिगोल्डचं नाव घेते, ईडिथने तुम्हाला काय ते सांगितलंच असेल ना, असं त्याला विचारते. पुढचं वाक्य ईडिथला स्वतःलाच उच्चारावं लागतं: मॅरिगोल्ड माझी मुलगी आहे.

लग्न मोडतं. बर्टी निघून जातो.

ज्युलियन फेलोज यांनी लिहिलेली ही मालिका ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीवर सप्टेंबर २०१० ते डिसेंबर २०१५ अशी सहा पर्वं चालली. हा प्रसंग शेवटच्या पर्वाच्या आठव्या भागातला आहे, पडद्यावर काही मिनिटांचाच. पण दोघी बहिणींमध्ये पहिल्या भागापासून जे साचत आलं ते सगळं या मिनिटांत बाहेर पडतं. हा प्रसंग झाल्यावर ‘मेरी दुष्ट आणि ईडिथ बिचारी’ असा निकाल पुष्कळांनी लावला. तो निकाल मला पटत नाही. उलट बाजूने ‘ईडिथनेच सुरुवात केली होती’ म्हणून मेरीला सोडून देणंही पटत नाही. या दोघींनी एकमेकींवर केलेल्या प्रत्येक मोठ्या वारात हत्यार एकच आहे: दुसरीबद्दलची माहिती, योग्य त्या परक्या माणसाच्या कानावर घातलेली. हे हत्यार त्यांच्या हाती का आलं आणि त्याची गरज संपल्यावरही ते खाली का ठेवलं गेलं नाही, हा या प्रकरणातला खरा प्रश्न आहे.

मुलींच्या नावावर काहीच नाही

कथा सुरू होते एप्रिल १९१२ मध्ये, टायटॅनिक बुडाल्याची तार येते तिथून. मुलींचे वडील लॉर्ड ग्रँथम यांचे दोन वारस, चुलतभाऊ जेम्स आणि त्याचा मुलगा पॅट्रिक, त्या बोटीवर होते. ग्रँथम दांपत्याला तीन मुली आहेत, मुलगा नाही. किताब पुरुष वारसाकडेच जाणार, इस्टेट किताबाशी बांधलेली, आणि आई कोराने अमेरिकेतून आणलेला अफाट पैसाही सासऱ्याने त्याच इस्टेटीत कायमचा अडकवून ठेवलेला. तेव्हा घर, जमीन आणि आईचा पैसा हे सगळं एकाच वेळी मुलींच्या हातून जाणार होतं. यावर घराने काढलेला तोडगा म्हणजे मेरीचं पॅट्रिकशी लग्न. तो बुडाला आणि पुढचा वारस निघाला मँचेस्टरमधला एक वकील, मॅथ्यू क्रॉली, ज्याला या घरातल्या कुणी कधी पाहिलेलंही नव्हतं.

हा विषय फेलोज यांच्या घरातलाच आहे. त्यांची पत्नी एमा ही अर्ल किचनर यांची पुतणी. ते अर्ल २०११ मध्ये निपुत्रिक वारले आणि पुरुष वारस नाही म्हणून तो किताबच संपुष्टात आला. मुलीला किताब मिळत नाही याबद्दल फेलोज यांनी जाहीरपणे नाराजी व्यक्त केली आहे. २०१३ मध्ये ब्रिटनने राजगादीपुरता नियम बदलला, तिथे आता थोरलं मूल मुलगी असली तरी तिचाच हक्क पहिला. सरदारांच्या किताबांना मात्र तो बदल लागू नाही.

अशा घरात मुलींची किंमत वेगवेगळी ठरते. थोरली ही घर वाचवायचा मार्ग, म्हणून सगळ्यांचं लक्ष तिच्यावर. आजी व्हायोलेट आणि आई कोरा यांचं एरवी पटत नाही, पण मेरीच्या लग्नाचा प्रश्न निघाला की दोघी एक होतात. धाकटी सिबिल सगळ्यांची लाडकी. मधल्या ईडिथवर घराची कसलीही भिस्त नाही. पहिल्याच पर्वात आईवडिलांचं एक बोलणं आहे. आपण ईडिथबद्दल कधी बोलतच नाही, असं त्यांच्या लक्षात येतं आणि मग म्हातारपणी तीच आपल्याला सांभाळेल, अशी तिची सोय लावून विषय संपतो. यात दुष्टावा कुणाचाच नाही. पण एका मुलीचं सगळं आयुष्य दोन वाक्यांत मिटवलं जातं आणि ते ऐकणाऱ्या प्रेक्षकाला पुढची पाच पर्वं विसरता येत नाही.

पॅट्रिकच्या मृत्यूतच दोघींमधली पहिली भेग दिसते. मेरीची सोयरीक ठरली होती, पण घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हती, म्हणून तिचा पहिला प्रश्न असा की आता पूर्ण सुतकाचे काळे कपडे घालावे लागतील का. जेवढं वाईट वाटायला हवं तेवढं वाटत नाही, याचंच आपल्याला वाईट वाटतं, अशी कबुलीही ती देते. ईडिथचं पॅट्रिकवर मनापासून प्रेम होतं. मेरीला नकोसा असलेला माणूस मेरीला मिळणार होता आणि ईडिथला हवा असलेला माणूस तिला विचारणारही नव्हता. तिचे अश्रू खरे होते, पण त्या घरात त्यांचा हक्क मेरीचा होता. मला वाटतं, ईडिथच्या कडवटपणाचं मूळ मत्सरात शोधण्याआधी इथे शोधायला हवं.

राजदूताला लिहिलेलं पत्र

तरीही पहिला जीवघेणा वार ईडिथचा आहे, आणि तो पुसट करून चालणार नाही.

१९१३ मध्ये केमाल पामूक नावाचा तुर्की दूतावासातला देखणा तरुण डाउन्टनला पाहुणा म्हणून येतो, रात्री मेरीच्या खोलीत शिरतो आणि तिच्याच बिछान्यात मरतो. मेरी, आई कोरा आणि दासी ॲना मिळून अंधारात त्याचं प्रेत त्याच्या खोलीत नेऊन ठेवतात. स्वयंपाकघरातली पोरसवदा डेझी ते पाहते. तिला हे ओझं पेलत नाही. ईडिथ तिला गोड बोलून, विश्वासात घेऊन सगळं काढून घेते आणि लंडनच्या तुर्की राजदूताला पत्र लिहिते.

पत्रात लिहिलेलं खरं आहे, हे त्यातलं सगळ्यात भयंकर अंग. ईडिथला मागाहून जाब विचारला जातो तेव्हा ती हेच पुढे करते: आपला माणूस कसा मेला हे त्यांना कळायला नको का? त्याला जोडून ती बहिणीला जी शिवी देते, ती मात्र खरं बोलणाऱ्या माणसाची नाही. त्या काळी एका अविवाहित सरदारकन्येबद्दल अशी गोष्ट पसरली की तिचं सारं संपलं. ईडिथला ते माहीत होतं, म्हणून तर तिने पत्र लिहिलं. त्या पत्राची किंमत मेरी पुढे कित्येक वर्षं मोजते. लंडनमध्ये कुजबुज सुरू होते आणि युद्धकाळात तीच गोष्ट छापून यायची वेळ येते. ती दाबायला मेरीला वृत्तपत्रांचा मालक सर रिचर्ड कार्लाइल याच्याकडे जावं लागतं. तो मदत करतो आणि त्या उपकाराचा फास करून तिला लग्नाच्या वचनात अडकवून ठेवतो.

मेरीचा वचपा ऑगस्ट १९१४ मध्ये, घराच्या हिरवळीवरच्या मेजवानीत. सर अँथनी स्ट्रॅलन हा ईडिथपेक्षा किमान पंचवीस वर्षांनी मोठा, भला, बुजरा विधुर. तो त्या दिवशी तिला मागणी घालणार असतो आणि ईडिथ होकाराच्या तयारीने उभी असते. पत्र कुणी लिहिलं हे मेरीला नुकतंच कळलं आहे. ती स्ट्रॅलनजवळ सहज गप्पा मारायला जाते आणि ईडिथ एका कंटाळवाण्या म्हाताऱ्याच्या मागणीची कशी थट्टा करत होती ते हसत हसत सांगते. नाव घेत नाही. तो बापडा मनातल्या मनात जुळवतो, सबब सांगतो आणि चालता होतो. दुरून ईडिथ त्याला जाताना पाहते. मेरी तिला पाहते. त्याच मेजवानीत युद्ध जाहीर झाल्याची बातमी येते, त्यामुळे या गोष्टीकडे घरात कुणाचं लक्षही जात नाही.

दोन्ही वार शेजारी ठेवून पाहावेत. ईडिथने खरं सांगितलं, मेरीने खोटं. ईडिथने पत्र लिहून दूरच्या माणसाला गाठलं, मेरीने तोंडावर. पण रीत एकच: बहिणीला स्वतः हात न लावता तिचं भवितव्य ज्याच्या हातात आहे त्या पुरुषाचं मन फिरवायचं. त्यांच्याकडे पैसा नव्हता, मत नव्हतं, धंदा नव्हता, वकिलाकडे जाऊन मागावा असा इस्टेटीवर हक्क नव्हता. एकमेकींचं गुपित एवढीच एक गोष्ट त्यांच्या मालकीची होती. मुलीला तिच्या लग्नापलीकडे काही नसेल, तर तिला बुडवायला तिचं लग्न मोडणं पुरतं. माझ्या मते १९१४ पर्यंतच्या वैराचं हे सगळ्यात सरळ उत्तर आहे आणि त्यासाठी कुणाला जन्मजात खुनशी ठरवायची गरज पडत नाही.

अविवाहित बाई न्याहारीला खाली येते

युद्धानंतर स्ट्रॅलन परत येतो, एक हात निकामी होऊन. १९२० मध्ये लग्न ठरतं आणि तो ऐन वेदीपाशी माघार घेतो. एका तरण्या मुलीचं आयुष्य म्हाताऱ्याच्या सेवेत घालवायचं नाही, असं त्याच्या मनाने घेतलेलं. आजी व्हायोलेट ईडिथला सांगते की त्याला जाऊ दे. ईडिथ जिना चढून वर जाते, लग्नाची जाळीदार ओढणी भिरकावते आणि पलंगावर कोसळते. मेरी आणि सिबिल तिच्याजवळ येतात. त्या क्षणी मेरीच्या चेहऱ्यावर खरोखर कळवळा आहे. पण ईडिथला त्या दोघींकडे बघवत नाही. दोघींना नवरे आहेत, सिबिल पोटुशी आहे. जा म्हणते, खरंच जा.

दुसऱ्या दिवशी ॲना विचारते, न्याहारी वर आणू का? त्या घरांतली रीत अशी की विवाहित स्त्रियांना न्याहारी बिछान्यात मिळे, कुमारिकांनी पुरुषांबरोबर खाली टेबलाशी यायचं. ईडिथ नको म्हणते. आपण आता उपयोगी पडणारी अविवाहित बाई, आणि अविवाहित बायका न्याहारीला उठतात. एवढं म्हणून ती खाली जाते. हा प्रसंग लक्षात ठेवून १९२५चा प्रसंग पाहिला तर तो दुप्पट बोचतो, कारण बर्टीसमोर तिची अब्रू जाते ती न्याहारीच्याच टेबलावर, आणि त्यावरून कायमचं उठायला तिला फार थोडे दिवस उरलेले असतात.

हे दुःख तिच्या एकटीचं नव्हतं. १९२१च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये पुरुषांपेक्षा स्त्रिया १७ लाखांहून जास्त भरल्या आणि वर्तमानपत्रांनी त्यांना ‘जादा बायका’ म्हणायला सुरुवात केली. मतदानाचा हक्क १९१८ मध्ये मिळाला होता, पण तीस वर्षांवरच्या आणि मालमत्तेची अट पुरी करणाऱ्या स्त्रियांनाच. ईडिथ दोन्हीत बसत नव्हती. याबद्दल तिने वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, ते छापून आलं, आणि त्यातून एका संपादकाने, मायकल ग्रेगसनने, तिला सदर लिहायला बोलावलं. राजदूताला पत्र लिहिणारा हात तोच. या वेळी मात्र तो स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या हक्कासाठी चालला. ईडिथचं आयुष्य बदलतं ते इथून, बर्टीमुळे नव्हे. मालिकेने याला पुरेसं वजन दिलं नाही अशी माझी तक्रार आहे.

सिबिलचा मृत्यूही १९२० मधलाच. बाळंतपणात झटके येऊन ती जाते. तिच्या देहाजवळ उभ्या राहिलेल्या ईडिथला आठवतं की आपण दोघी चांगल्या आहोत असं जगात फक्त हिलाच वाटायचं. इथून पुढे आपलं थोडं जमेल का, असं ती मेरीला विचारते. मेरीचं उत्तर: वाटत नाही. पण तिघी एकत्र असण्याची ही शेवटची वेळ, तेव्हा आत्तापुरतं बहिणींसारखं प्रेम करू. दुसऱ्या कुठल्याही मालिकेत दोघींनी इथे गळ्यात गळा घातला असता आणि वैर मिटलं असतं. फेलोज यांनी मेरीला खोटं बोलू दिलं नाही. ती ईडिथशी प्रामाणिक वागते असे फार थोडे क्षण आहेत. त्यांपैकी हा एक, आणि त्यात ती नकार देते.

कारण संपलं, सवय राहिली

यानंतर हिशेब बदलतो. मेरीचा नवरा झालेला मॅथ्यू अपघातात जातो. त्याच्या ऑफिसमधल्या सामानात एक चिठ्ठी सापडते. तिच्या आधारे त्याचा इस्टेटीतला वाटा मेरीला मिळतो. बुडायच्या बेतात आलेलं डाउन्टन मॅथ्यूने पैसे घालून वाचवलं होतं आणि तो भागीदार झाला होता, त्यामुळे १९२२ पासून मेरी त्याची भागीदार मालकीण आहे आणि लहानग्या वारसाची आई. पुढे ती कारभारीणही होते, चिखलात उतरून डुकरं वाचवते. ईडिथच्या वाट्याला तिचा प्रियकर झालेल्या ग्रेगसनचं मासिक येतं. वेड लागलेल्या बायकोपासून घटस्फोट इंग्लंडच्या कायद्यात बसत नव्हता, तो १९३७च्या कायद्याने शक्य झाला. म्हणून ग्रेगसन जर्मन नागरिकत्व घ्यायला म्युनिकला गेला होता. तिथे १९२३ मध्ये हिटलरच्या फसलेल्या उठावाच्या दंगलीत तपकिरी सदरेवाल्यांनी त्याला मारलं. मागे राहिलं मासिक आणि ईडिथच्या पोटात वाढलेली मुलगी, मॅरिगोल्ड, जिला तिने आत्या रोझामंडच्या सोबतीने स्वित्झर्लंडला जाऊन जन्म दिला.

म्हणजे १९२५ मध्ये दोघींकडेही स्वतःचं असं काहीतरी आहे. एकीला दुसरीचं गुपित विकून काही कमवायची गरज नाही. एकीच्या लग्नावर दुसरीचं काही अवलंबून नाही. तरी मेरी ते बिंग फोडते. १९१३चं पत्र एका रिकाम्या हाताच्या, विशीतल्या मुलीने लिहिलं होतं. १९२५चं वाक्य एका तिशी ओलांडलेल्या, सत्ता असलेल्या, स्वतः आई असलेल्या बाईने उच्चारलं. दोन्हींत खरी माहिती वापरली गेली, पण मला दुसरा गुन्हा मोठा वाटतो. पहिल्यामागे परिस्थितीचा रेटा होता. दुसऱ्यामागे एका सकाळचा वाईट मूड आणि जुनी सवय एवढंच.

यात एक बारकावा आहे, तो मेरीच्या बाजूचा. मॅरिगोल्ड कोण हे वडिलांना, आईला, आजीला, आत्याला, टॉमला माहीत होतं. घरात फक्त मेरीपासून ते लपवलेलं होतं. हळूहळू तिला संशय आला, तिने इकडेतिकडे विचारलं, कुणी दाद दिली नाही. तिला सांगितलं तर ती वापरेल ही सगळ्यांची खात्री होती. मेरीने ती खरी करून दाखवली, हे तर दिसतंच. पण आपल्याबद्दल घराचं असं मत आहे हे कळत असताना रोज त्या टेबलाशी बसणं म्हणजे काय, तेही लक्षात घ्यावं. आयुष्यभर घरातली पहिली असलेली मुलगी प्रथमच बाहेर ठेवली गेली होती, आणि ईडिथला तर लहानपणापासून बाहेरच राहायची सवय होती.

टॉम मेरीला सोडत नाही. दुसऱ्यांवर दादागिरी करणारे सगळे भित्रे असतात तशी तूही भित्री आहेस, असं तो तोंडावर सांगतो. भीती कसली, तेही सांगतो: एकटं पडण्याची. ईडिथ वर खोलीत मेरीला जे बोलते ते त्याहून जळजळीत आहे. मेरी माफी मागायला आली आहे खरी, पण तिची माफी सारवासारवीच्या सुरात आहे. ईडिथ तिला गप्प करते. तू कुणाशी बोलते आहेस, आईशी की दासीशी? मी तुला ओळखते. मत्सरी, कपटी, आणि पुढचा शब्द तो उघड शिवीचाच. पहिल्या पर्वातही ईडिथने तिला शिवी दिली होती, पण तेव्हा ती कोपऱ्यात सापडलेल्या मुलीची होती. आता ती मेरीच्या डोळ्यांत बघून बोलते आणि मेरीकडे उत्तर नसतं. माझ्या दृष्टीने सबंध मालिकेतली ईडिथची सर्वांत मोठी ताकद या वाक्यांत आहे.

मिसेस ड्रू

दोघी बहिणींच्या वैराबद्दल बोलताना ज्या बाईला सगळे विसरतात तिचा उल्लेख केल्याशिवाय हे प्रकरण पुरं होत नाही. ती म्हणजे यू ट्री फार्मवरच्या कुळाची बायको, मिसेस ड्रू.

ईडिथने मॅरिगोल्डला आधी स्वित्झर्लंडमधल्या एका जोडप्याकडे दिलं, मग काढून आणून ड्रू कुटुंबाकडे ठेवलं. नवऱ्याने ओळखलं होतं, बायकोला सांगितलं गेलं की एका वारलेल्या मित्राचं पोर आहे. तिने ते आपल्या मुलांत वाढवलं. ईडिथ वारंवार भेटायला यायला लागली तशी ती वैतागली, संशयी झाली, आणि शेवटी एक दिवस ईडिथ जन्माचा दाखला दाखवून मुलीला घेऊन गेली. मिसेस ड्रूकडे दाद मागायला जागाच नव्हती. इंग्लंडमध्ये दत्तकाला कायद्याने मान्यता देणारा पहिला कायदा १९२६ चा, त्याआधी पोसलेल्या मुलावर पोसणारीचा कसलाही कायदेशीर हक्क नव्हता. पुढे मेरी, काहीच माहीत नसल्यामुळे, मुलांना डुकरं दाखवायला त्याच शेतावर नेते आणि मिसेस ड्रूची जखम पुन्हा उघडते. ती एका जनावरांच्या प्रदर्शनातून मॅरिगोल्डला उचलून घरी नेते. परिणाम असा की ड्रू कुटुंबाने पिढ्यान्पिढ्या कसलेली जमीन सोडायची.

हे मेरीला वेळीच सांगितलं असतं तर ती त्या शेतावर गेलीच नसती. ईडिथने बहिणीपासून राखलेल्या गुपिताची किंमत एका कुळाच्या बायकोने भरली. पहिल्या पर्वात डेझीचंही तसंच झालं होतं. ईडिथने तिचं गुपित काढून घेतलं आणि ती पोर कित्येक दिवस धास्तावून फिरत राहिली. मिसेस ड्रूबाबत ईडिथ जे वागली ते मला न्याहारीच्या टेबलावरच्या मेरीपेक्षा कमी कठोर वाटत नाही. फरक एवढाच की मिसेस ड्रूच्या बाजूने उभं राहून ईडिथला चार खडे बोल सुनवायला घरात कुणीच टॉम नव्हता. मालिकेचंही मन त्या बाईपाशी फार रेंगाळत नाही. आई आणि मुलगी एकत्र आल्या याचा आनंद आपल्याला व्हावा अशी तिची मांडणी आहे, आणि तो होतोही. पण शेत रिकामं करणाऱ्या त्या गाडीकडे पाहताना तो आनंद निखळ राहत नाही.

माफीऐवजी जेवणाची वेळ

पुढे मेरी हेन्रीशी लग्न करते आणि लंडनहून ईडिथ त्या लग्नाला येते. का आलीस, असं मेरी विचारते. ईडिथचं म्हणणं असं की शेवटी तू माझी बहीण आहेस. एक दिवस सिबिल, आईबाबा, मॅथ्यू, मायकल, आजी, बटलर कार्सन ही सगळी माणसं आठवणारे जगात आपण दोघीच उरू, आणि तेव्हा या आठवणी आपल्या नावडीपेक्षा मोठ्या ठरतील. ‘मी तुला माफ केलं’ असं ती कुठेही म्हणत नाही. ‘आपण मैत्रिणी होऊ’ असंही नाही. नावड आहे हे मान्य करूनच ती नातं सांगते. सिबिलपाशी मेरीने जो खरेपणा दाखवला होता त्याची परतफेड पाच वर्षांनी ईडिथकडून झाली, असं मला वाटतं.

मेरीने काय केलं? शब्दांनी क्षमा मागणं तिला जमत नव्हतं, म्हणून तिने बर्टीला गाठलं आणि ईडिथला कळू न देता लंडनच्या रिट्झमध्ये दोघांची भेट घडवून आणली. बर्टीचा राग मुलीच्या जन्माबद्दल नव्हताच, ईडिथने त्याच्यावर विश्वास टाकला नाही याबद्दल होता. तो त्याच्या तोंडून आला आणि मिटला. दोन्ही वेळा मेरीने ईडिथच्या पुरुषाशी बोलून तिचं लग्न मोडलं होतं. आता तिसऱ्यांदा ती ईडिथच्या पुरुषाशी, तिच्या पाठीमागे, बोलली आणि लग्न जुळवलं. कौशल्य तेच.

डिसेंबर १९२५ च्या शेवटच्या दिवशी ईडिथ मार्शनेस ऑफ हेक्सम होते. तिने दरबारी क्रमात मेरीला मागे टाकलं, एवढ्यावर काही जण खूश झाले. मला त्यापेक्षा ती मासिक सोडत नाही, हे महत्त्वाचं वाटतं. तिचं स्वतःचं असं ते एकच आहे. आणि १९३० मध्ये घडणाऱ्या २०२५च्या चित्रपटात पारडं उलटतं. घटस्फोट घेतल्यामुळे मेरीला उच्चभ्रू समाज दारात उभं करत नाही. आता चव्हाट्यावर आलेली अब्रू मेरीची आहे, मानाची जागा ईडिथची, आणि ईडिथ या वेळी कुणाला काही लिहीत नाही. ती बहिणीच्या शेजारी येऊन उभी राहते.